विदर्भाचा करुणकवी भवभूती

अमरावतीहून पूर्वेकडे तिवसा तालुक्यात गेले म्हणजे वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर हे गाव लागते. आज ते लहानसेच गाव आहे. परंतु रुक्मिणीचे माहेर म्हणून त्याचे नाव सबंध महाराष्ट्रास ठाऊक आहे, आणि दरवर्षी आषाढीकरिता तेथून निघणारी पालखी पंढरीची वाट चालते. 1962 ते 1964 या काळात तेथील टेकाडांचे उत्खनन झाले, तेव्हा मातीखाली फार प्राचीन वस्तीचे थर हाती लागले. जुन्या काव्यांत ज्या कुंडिनपुराचे वर्णन येते ते हेच, अशी परंपरा आहे.

या कुंडिनपुराचे नाव आणखी एका कारणाने साहित्यात टिकून राहिले आहे, आणि ते कारण आपल्यापैकी थोड्यांसच ठाऊक असेल. सुमारे 1300 वर्षांपूर्वी एका संस्कृत नाटककाराने आपल्या दहा अंकी नाटकाचा नायक म्हणून याच नगरीतील एका विद्यार्थ्याची निवड केली. विदर्भराजाच्या अमात्याचा हा मुलगा न्यायशास्त्र शिकण्याकरिता दूरच्या पद्मावती नगरीस जातो, आणि परमुलखात त्याच्यावर प्रेमाचे व संकटांचे जे प्रसंग गुदरतात त्यांचे ते नाटक आहे. नाटककार स्वतः विदर्भाचाच होता. त्याचे नाव भवभूती. आज ज्या जिल्ह्यांस आपण वऱ्हाड म्हणतो ते त्या प्राचीन विदर्भाचेच पश्चिम अंग होय. तेव्हा भवभूती आपल्या घरचा आहे, असे म्हणावयास कोणाची हरकत नसावी.

वाचकहो, धर्मग्रामाच्या ज्युबिली-ग्रंथात एका प्राचीन संस्कृत कवीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्यास माझे उत्तर सरळ आहे. ज्युबिलीनिमित्त आपल्या तरुणतरुणींनी नाटक बसविले. गेले तीन महिने संध्याकाळी सभागृहातून त्यांच्या तालमीचा आवाज माझ्या खोलीपर्यंत येत होता. तो ऐकता ऐकता वारंवार मनात येई की, नाटक म्हणजे केवळ करमणूक की त्याहून काही अधिक? या प्रश्नाचे उत्तर शोधताना सेमिनरीच्या दिवसांत वाचलेला भवभूती पुन्हा हाती घेतला. आम्हांस त्या काळी लॅटिनचे पाठ असत व ग्रीक शोकनाट्यांची ओळख करून दिली जाई. परंतु आपल्याच मातीतील या कवीकडे मी वळलो तो मात्र पुष्कळ उशिरा. तो उशीर तुमच्या वाट्यास येऊ नये, एवढ्याकरिता हा लेख.

भवभूतीने आपल्याविषयीची माहिती आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत सूत्रधाराच्या तोंडून दिली आहे. ती येणेप्रमाणे: दक्षिणापथात विदर्भ देशी पद्मपूर नावाचे नगर होते. तेथे काश्यप गोत्राचे, तैत्तिरीय शाखेचे, उदुंबर या नावाने ओळखले जाणारे एक ब्राह्मण कुल राहत असे. वेदाध्ययन आणि यज्ञकर्म यांकरिता हे कुल प्रसिद्ध होते. त्यातील एका पूर्वजाने वाजपेय यज्ञ केला होता. त्या कुलात भट्टगोपाल झाला, भट्टगोपालाचा पुत्र नीलकंठ, आणि नीलकंठ व जातुकर्णी यांचा पुत्र आपला कवी. त्याचे मूळ नाव श्रीकंठ असून भवभूती हे नाव त्यास पुढे मिळाले, असे टीकाकार सांगतात. ज्ञाननिधी या गुरूपाशी त्याचे अध्ययन झाले. वेद, उपनिषदे, सांख्य, योग, व्याकरण, मीमांसा आणि न्याय इतक्या शास्त्रांचा तो अधिकारी होता.

हे पद्मपूर कोठले, याचा शोध महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी घेतला आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावाजवळ असलेले पदमपूर ते हेच, असा निर्णय दिला. आमगावच्या महाविद्यालयास आज भवभूतीचेच नाव आहे. या योगायोगाचे मला फार कौतुक वाटते. कारण हा सारा पूर्वेकडील मुलूख झाडीपट्टीच्या नाटकांचा आहे. धान कापून झाले की तेथील गावोगावी मंडप पडतात, बैलबाजाराच्या व शंकरपटाच्या निमित्ताने माणसे जमतात आणि रात्रभर नाटक चालते. शेतकरीच नट असतात आणि शेतकरीच प्रेक्षक असतात. ज्या मातीत भवभूती जन्मला तिने नाटकाचे वेड अद्यापि टाकलेले नाही.

अशा वैदिक घराण्यातील विद्वानाने यज्ञशाळेत अथवा पाठशाळेत आयुष्य काढले असते तर कोणास नवल वाटले नसते. परंतु भवभूतीने मैत्री केली ती नटांशी. ही गोष्ट त्याने लपविली नाही. उलट नटांशी आपला स्वभावतःच स्नेह आहे, हे त्याने प्रस्तावनेत अभिमानाने नमूद करविले. त्या काळी नटाचा धंदा प्रतिष्ठेचा नव्हता. स्मृतिग्रंथांनी नटास समाजात खालचे स्थान दिले होते. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या एका वाक्यात किती धैर्य आहे ते कळते. त्याची नाटके राजवाड्यातील मोजक्या रसिकांपुढे नव्हे, तर कालप्रियनाथ या देवाच्या यात्रेत, जमलेल्या लोकांपुढे झाली. युरोपातही नाटकाचा पुनर्जन्म देवळातच झाला. 10व्या शतकात ईस्टरच्या उपासनेत रिकाम्या कबरेपाशी आलेल्या स्त्रिया व देवदूत यांचा छोटासा संवाद गाऊन दाखवीत, आणि त्या बीजापासून पुढची ख्रिस्ती नाटके वाढली. सणावाराला जमलेल्या माणसांपुढे आपली पवित्र कथा उभी करून दाखवावी, ही ओढ सर्व देशांच्या माणसांत सारखीच आहे.

भवभूतीचा काळ इसवी सनाच्या 8व्या शतकाचा पूर्वार्ध होय. काश्मीरचा इतिहासकार कल्हण याने 12व्या शतकात लिहिलेल्या राजतरंगिणीत सांगितले आहे की, कनोजचा राजा यशोवर्मा याच्या पदरी वाक्पतिराज आणि भवभूती हे कवी होते, आणि त्या राजाचा काश्मीरच्या ललितादित्याने पराभव केला. वाक्पतिराजाने आपल्या प्राकृत काव्यात भवभूतीचा गौरव केला असून त्यास अमृताच्या समुद्राची उपमा दिली आहे. विदर्भाच्या पूर्व टोकापासून गंगेकाठच्या कनोजपर्यंतचा हा प्रवास लहान नव्हता, आणि राजाश्रयाच्या आधीची त्याची वाटही सुखाची नसावी, हे त्याच्या प्रस्तावनांतील कडवट सुरावरून उमगते.

त्याची तीन नाटके उपलब्ध आहेत: महावीरचरित, मालतीमाधव आणि उत्तररामचरित. त्यांतील दोहोंचा विषय रामकथा आहे. म्हणजे भवभूतीच्या काळीही जुने व सर्वमान्य झालेले जे वाल्मीकीचे काव्य, त्याचा तो प्रथम रसिक वाचक होता व नंतर नाटककार झाला. परंतु तो कसला वाचक होता, हे पाहण्यासारखे आहे. त्यास वाल्मीकीविषयी अपार आदर होता. तरी जेथे त्याच्या मनास टोचणी लागली तेथे तो मुकाट्याने पुढे गेला नाही.

महावीरचरितात रामाच्या विवाहापासून राज्याभिषेकापर्यंतचा भाग सात अंकांत आला आहे; त्यापैकी पाचव्या अंकाच्या बऱ्याच भागापर्यंतचा मजकूर भवभूतीचा असून पुढचा इतरांनी पुरा केलेला आहे. या नाटकात त्याने रावणाचा मंत्री माल्यवान यास कपटाचा सूत्रधार केले. शूर्पणखा मंथरेचे रूप घेऊन येते व वनवासाचे संकट घडवून आणते. अर्थात कैकेयी दोषमुक्त होते. वालीसुद्धा माल्यवानाच्या चिथावणीने रामावर चालून येतो आणि उघड युद्धात पडतो. झाडाआडून बाण मारल्याचा डाग रामास लागत नाही. येथे कवी तरुण आहे. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याच्या अंगावर एकही डाग राहू नये, असे त्यास वाटते.

मालतीमाधवात त्याने कल्पित कथा घेतली. कुंडिनपुरचा माधव आणि पद्मावतीच्या मंत्र्याची कन्या मालती यांचे लग्न आईबापांनी मनात योजिलेले असते. परंतु राजाच्या मर्जीतील एक मनुष्य आड येतो. कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी मोठ्या चातुर्याने या प्रेमिकांस साह्य करते. स्मशानात नरबळीकरिता आणलेल्या मालतीची माधव सुटका करतो, तो पाचवा अंक संस्कृत रंगभूमीवरील अतिशय भयंकर अंकांपैकी एक आहे. भवभूतीच्या कोणत्याही नाटकात विदूषक नाही, हेही येथेच सांगावयास हवे. सहज हसविणे त्याच्या प्रकृतीत नव्हते.

या नाटकाच्या प्रस्तावनेत त्याने आपल्या निंदकांस उत्तर दिले आहे. जे आपली अवहेलना करतात त्यांच्याकरिता हा प्रयत्नच नाही. आपल्यासारख्या मनाचा कोणी तरी आज कोठे असेल अथवा पुढे जन्मास येईल, कारण काळास अंत नाही आणि पृथ्वीही विशाल आहे, असा त्याचा आशय आहे. कोणी यास गर्व म्हणेल. मला मात्र त्यात एकाकी माणसाचा विश्वास दिसतो. आपल्या पिढीने ओळखले नाही तरी खरे काम फुकट जात नाही, या विश्वासावर तो लिहीत राहिला, आणि त्याची परिपक्व कृती याच्या पुढची आहे.

ती कृती म्हणजे उत्तररामचरित. कथा सर्वांस ठाऊक आहे. रावणवधानंतर राम राज्यावर बसला आहे. घरातील वडीलधारी मंडळी ऋष्यशृंगाच्या बारा वर्षांच्या यज्ञाकरिता गेलेली आहेत. गरोदर सीतेचे मन रमावे म्हणून लक्ष्मण त्या दोघांस त्यांच्याच गतायुष्याची चित्रे दाखवितो: विवाह, वनवास, पंचवटी, वियोग. चित्रे पाहता पाहता दोघे हसतात, रडतात. थकलेली सीता रामाच्या हातावर डोके ठेवून झोपी जाते. नेमक्या त्याच वेळी दुर्मुख नावाचा हेर नगरातील कुजबूज घेऊन येतो. परक्याच्या घरी राहिलेल्या सीतेविषयी लोक संशय बोलत आहेत. राम जाणतो की ती निर्दोष आहे. तरीही लोकांस संतुष्ट राखणे हा राजधर्म मानून तो तिचा त्याग करतो.

शेक्सपियरच्या एका उत्तरकालीन नाटकात राजा लिऑन्टीझ आपल्या निरपराध राणीवर संशय घेतो आणि सोळा वर्षे पश्चात्तापात काढतो. परंतु त्या राजाची बुद्धी मत्सराने आंधळी झालेली असते. भवभूतीचा राम आंधळा नाही. सत्य काय ते त्यास पुरते ठाऊक आहे, आणि ठाऊक असूनही तो लोकांच्या बोलण्यास मान देतो. म्हणून हे दुःख अधिक खोल आहे. अन्याय करणारे पुष्कळदा दुष्ट नसतात. चारचौघांच्या बोलण्यास भिणारे सज्जन असतात. भवभूतीने हे जाणले, आणि या वेळी त्याने आपल्या लाडक्या नायकास झाकून घेतले नाही.

दुसऱ्या अंकापासून बारा वर्षांनंतरचा काळ आहे. तिसऱ्या अंकात राम पंचवटीस, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदातीरी, पुन्हा येतो. सीता तेथेच आहे, परंतु गंगेच्या वरामुळे ती कोणास दिसत नाही. तिने वाढविलेला हत्तीचा छावा, तिने नाचविलेला मोर, दोघे बसत ती शिळा, हे सर्व पाहून राम मूर्च्छित पडतो आणि न दिसणाऱ्या सीतेच्या स्पर्शाने सावध होतो. या अंकास छायांक म्हणतात. वनदेवता वासंती रामास तोंडावर विचारते की, तुला कीर्ती प्रिय होती म्हणून हे केलेस ना, मग याहून मोठी अपकीर्ती ती कोणती? रामापाशी उत्तर नाही. यज्ञ आटोपल्यावर वडील मंडळीही सुनेवाचून ओस झालेल्या अयोध्येत परतावयास राजी होत नाहीत. वसिष्ठपत्नी अरुंधती तसे स्पष्ट सांगते आणि सर्व जण वाल्मीकीच्या आश्रमाकडे वळतात. पुढे पाचव्या अंकात आपला बाप कोण हे ठाऊक नसलेला लव रामाच्या पराक्रमाची थट्टा करतो: ताटका तर स्त्री होती, खराशी लढताना पावले मागे पडली, आणि वालीचा वध कसा झाला तेही जग जाणते! पहिल्या नाटकात ज्या कवीने वालीवधाचा डाग पुसून टाकला, त्यानेच येथे तो डाग रामाच्या पुत्राकडून दाखवविला. भक्ती तीच आहे, पण आता ती सत्यास भीत नाही. कवीची वाढ म्हणतात ती हीच.

एका ठिकाणी मात्र त्याची करुणा अपुरी पडली, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. दुसऱ्या अंकात राम दंडकारण्यात येतो तो शंबूक या शूद्र तपस्व्याचा वध करण्याकरिता. शस्त्र उगारताना राम स्वतःच्या उजव्या हातास दोष देतो. गरोदर सीतेस घालविणाऱ्याचा तू हात, तुला दया कोठली, असे तो म्हणतो. कवीच्या मनात काही हलले असावे, त्याखेरीज हे शब्द येते ना. पण वध होतो, शंबूक दिव्यरूप धारण करून रामाचेच आभार मानतो, आणि नाटक पुढे जाते. सीतेकरिता दगडांसही रडविणारा कवी तपश्चर्येचा अधिकार नाकारलेल्या माणसाकरिता थांबला नाही. थोर ग्रंथ वाचताना आपण गुण घ्यावे आणि उणीवही पाहावी. भवभूतीने वाल्मीकीस असेच वाचले होते.

आता सातवा अंक. वाल्मीकीच्या काव्यात शेवटी सीता भूमीच्या पोटात जाते. रामास ती परत मिळत नाही. भवभूतीस हे सोसले नाही, आणि त्याने जो उपाय योजिला त्यात त्याची सारी प्रतिभा आहे. गंगेच्या तीरावर नाटक व्हावयाचे आहे. वाल्मीकीने ते रचले आहे, भरतमुनीने बसविले आहे, अप्सरा त्यात भूमिका करणार आहेत. राम, लक्ष्मण आणि अयोध्येचे सर्व प्रजाजन प्रेक्षक म्हणून बसले आहेत. नाटकात नाटक, ज्यास गर्भांक म्हणतात, ते सुरू होते. टाकून दिलेली सीता प्रसववेदनांनी व्याकूळ होऊन गंगेत उडी टाकते. पृथ्वी व गंगा या देवता तिला दोन बालकांसह वर आणतात. पृथ्वी आपल्या लेकीकरिता रामास दोष देते. राम हे नाटक आहे हे विसरून मध्येच बोलू लागतो आणि शेवटी मूर्च्छित होतो. तेव्हा खरोखरीची सीता अरुंधतीबरोबर तेथे येते. अरुंधती लोकांस विचारते. ज्यांनी तिची निंदा केली तेच लोक तिला वंदन करतात. कुश आणि लव आईबापांस भेटतात.

हॅम्लेटनेही दरबारात नाटक करविले, परंतु ते अपराध्यास पकडण्याकरिता होते. भवभूतीचे नाटक अपराधी समाजास स्वतःची ओळख पटविते आणि निरपराध स्त्रीस तिची जागा परत देते. आपल्या पवित्र शास्त्रात याच्या जवळची गोष्ट आहे. दावीद राजाच्या पापाबद्दल नाथान संदेष्ट्याने त्यास सरळ उपदेश केला नाही; गरिबाच्या एकुलत्या कोकराची कथा सांगितली. राजा त्या कथेतील श्रीमंतावर संतापला, आणि मग तो श्रीमंत आपणच, हे त्यास कळले. दानिएलाच्या ग्रंथातील सुसान्नाही खोट्या आळाने मरणाच्या दारी गेली होती. तिला एका तरुणाच्या चतुर प्रश्नांनी वाचविले. सीतेस वाचविण्यास न्यायसभा उपयोगी पडली नाही, अग्नीची साक्षही लोकांस पुरली नाही. तिला नाटकाने वाचविले. जे युक्तिवादाने पटत नाही ते डोळ्यांपुढे घडताना पाहिले म्हणजे पटते. नाटक म्हणजे केवळ करमणूक नव्हे, याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

या नाटकाचा आणखी एक विशेष आहे. बहुतेक संस्कृत नाटके प्रेमिकांच्या मीलनापाशी संपतात. भवभूतीचे प्रेम लग्नानंतरचे आहे; सुखात व दुःखात एकच राहणारे, वार्धक्यानेही रस न आटणारे, काळाने आडपडदे दूर झाल्यावर पिकणारे. विवाहविधीच्या वेळी वधूवरांपुढे बोलताना मला पुष्कळदा त्याची आठवण होते. करुण हाच एक रस असून इतर रस त्याची रूपे होत, जसे पाणी कधी भोवरा, कधी बुडबुडा, कधी लाट होते, हा विचारही त्याने तिसऱ्या अंकाच्या अखेरीस मांडला आहे.

लोकांनी या नाटकावर किती प्रेम केले ते एका दंतकथेवरून दिसते. भवभूतीने ते कालिदासाकडे पाठविले. कालिदासाने सर्व ऐकून घेतले आणि एका श्लोकात एक अनुस्वार अधिक आहे एवढेच कळविले. तो अनुस्वार काढताच, अशा रीतीने रात्र सरली या अर्थाऐवजी, रात्रच सरली पण आमच्या गोष्टी सरल्या नाहीत, असा सुंदर अर्थ निघाला. कालिदास भवभूतीच्या कित्येक शतके आधीचा, तेव्हा ही भेट इतिहासात घडलेली नाही. परंतु रसिकांनी दोघांस एका ओसरीवर बसविले, यातच भवभूतीचा मान आहे. इसवी सन 900च्या सुमारास राजशेखर या नाटककाराने तर वाल्मीकीच भवभूतीच्या रूपाने जन्मला होता आणि पुढे आपल्या रूपाने आला, असे सांगितले.

ज्या समानधर्म्याची भवभूतीने वाट पाहिली तो पुढे अनेक रूपांनी आला. विल्सन या इंग्रज पंडिताने 1827च्या सुमारास त्याची नाटके इंग्रजीत नेली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी 1876 साली मालतीमाधव संपादून प्रसिद्ध केले. मराठीत परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी उत्तररामचरिताचे आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांनी मालतीमाधवाचे भाषांतर केले. मराठी नाटकाचा आरंभही रामकथेनेच झाला. 1843 साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर रंगभूमीवर आणले. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले, तेव्हा कुश व लव रामापुढे गात आहेत अशीच त्याची मांडणी होती. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचा स्वर यांनी 56 गीतांत ती जुनी कथा घरोघरी पोचविली. आपल्या वऱ्हाडातही नाट्यलेखनाचा झरा आटला नाही. वकिली करता करता नाटके लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर (1871-1934) आणि अमरावतीचे वीर वामनराव जोशी (1881-1956) हे त्याच परंपरेचे वारस होत.

आपणां ख्रिस्ती मराठी भाषकांसही या वारशात परके वाटण्याचे कारण नाही. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली इंग्लंडाहून गोव्यास आले. त्यांनी येथील लोकांच्या पुराणांची गोडी ओळखली, ओवी आत्मसात केली आणि सुमारे 11,000 ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले. 1616 साली ते राशोल येथे छापले गेले, आणि देवळांत भाविक ते पुराणासारखे गाऊ लागले. दुसऱ्याच्या उत्तम काव्याचा मनापासून आनंद घेतल्याने आपली श्रद्धा कमी होत नाही. तिला वाणी मिळते, हे त्या साधुपुरुषाने 400 वर्षांपूर्वी दाखविले.

शेवटी एक गोष्ट. गावात कुजबूज उठते, एखाद्या घराकडे लोक पाठ फिरवितात, एखादी लेक माहेरी परत येते आणि तिच्याविषयी काहीबाही बोलले जाते. आपणांस खरे ठाऊक असते, तरी आपण गप्प राहतो, कारण चार लोक काय म्हणतील याची भीती असते. धर्मगुरू म्हणून इतकी वर्षे घालविल्यावर मी हे सांगू शकतो की, उघड पापांहून या गप्प राहण्याने अधिक घरे मोडली आहेत. आणि त्या गप्प राहणाऱ्यांत कधी कधी मीही होतो. उत्तररामचरित वाचताना मला वासंतीचा प्रश्न रामास नव्हे, मलाच विचारल्यासारखा वाटतो.

ज्युबिलीच्या रात्री आपली मुले रंगमंचावर उभी राहतील तेव्हा त्यांचे संवाद चुकतील, पडदा अडकेल, दाढी निसटेल. त्यास हसावे आणि पुढे पाहावे. पद्मपुरच्या त्या नटांच्या मित्रास हे सर्व परिचयाचे असणार. त्याच्या नाटकातील प्रजाजन नाटक पाहून उठले ते एका टाकलेल्या स्त्रीपुढे मस्तक नमविण्याकरिता. आपणही त्या रात्री घरी जाताना आपल्या गल्लीतील एखादे बंद झालेले दार आठवावे, आणि दुसऱ्या दिवशी ते वाजवावे.